चिनी मातीचा चंबू

आईनं चंबू उचलला होता. बोटभर उंचीचा, पांढऱ्या चिनी मातीचा, एका बाजूला चिमणीच्या चोचीसारखं तोंड असलेला. तो रिकामा झालाय हे दिसावं म्हणून तिनं तो किंचित तिरका केला आणि पलीकडच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या वेटरकडे बघून ती हसली. मी तिचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला. "आई, इथं असं मागत नाहीत." तोवर तो पोरगा आलाच होता. वाकून, अगदी आदबीनं, त्यानं आईलाच विचारलं, काही हवंय का. उत्तर मी दिलं. "शी इज फाइन."

दहा महिने झाले. ते तीन शब्द अजून माझ्या जिभेवरून उतरलेले नाहीत.

भाऊ अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला असतो. आई सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाली आणि तिला एकटीला विमानात बसवायचा धीर होईना, म्हणून मीही रजा काढून सोबत गेले. त्याच्या लग्नाला दहा वर्षं झाली त्याचं निमित्त करून त्यानं आम्हाला ब्रेकनरिजला न्यायचं ठरवलं. डेन्व्हरहून डोंगरात दोनेक तासांची वाट. मध्ये आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर. त्यातून बाहेर पडेपर्यंत कानात दडे बसतात. सप्टेंबरचा शेवट होता. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती, वारा आला की अख्खा उतार थरथरायचा. "भंडारा उधळल्यागत दिसतंय," आई म्हणाली आणि मग कितीतरी वेळ काच खाली करून बघत बसली. गाव छोटं, रंगवलेल्या लाकडी घरांचं. १८५९ साली सोनं शोधत आलेल्या लोकांनी वसवलेलं, आता हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणाऱ्यांच्या पैशावर चालणारं. गाडीतून उतरल्या उतरल्या आईनं पदर कानावरून ओढून घेतला. "पन्हाळ्याचं वारं हाय हे." पन्हाळा हजार मीटरला थोडा कमीच भरतो आणि हे गाव २,९०० मीटरवर. चार पावलं टाकली की धाप लागत होती. पण आमच्या घरात थंड हवेला पन्हाळा हे एकच माप आहे, ते तिनं तिथंही लावलं.

हॉटेल गावातल्या मोठ्या रस्त्यापासून जरा आत होतं. जाडजूड ओंडक्यांच्या भिंती, छताला शिंगांचं झुंबर, प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती आणि त्यापलीकडे सगळा अंधूक पिवळा काळोख. आत शिरताच लाकडाच्या धुराचा आणि भाजत्या चरबीचा वास आला. दरवाजाजवळच काचेचं एक मोठं कपाट होतं आणि आत मांसाचे थोरले तुकडे टांगलेले, बाहेरून काळे पडलेले, सुकलेले, झाडाच्या सालीसारखे. आई तिथंच थांबली. मटणाच्या दुकानात थांबते तशी, हात मागे बांधून, मान जराशी कलती करून. भावानं तिला समजावून सांगितलं की हे असंच चार-चार आठवडे ठेवतात, गोठणार नाही इतक्याच गारव्यात. आतलं पाणी आटतं, मांसाच्या आपल्याच रसानं धागे सैल होतात, मग वरची काळी साल कापून टाकतात आणि आतलं भाजतात. ती बराच वेळ ऐकत होती. जिनं आयुष्यभर सकाळी सहाला कापलेलं मटण आठला चुलीवर चढवलं, तिला हे पटायचं नाही असं मला वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे मुरवत्यात." तिनं मान हलवली आणि पुढं चालायला लागली. तिच्या लेखी शंका मिटली होती.

आमच्या घरात बीफ कुणी खात नाही. स्टेकहाउसमध्ये जाऊन मग खायचं काय, हा प्रश्न भावानं आधीच सोडवला होता. कोलोरॅडोचं कोकराचं मटण नावाजलेलं आहे, त्याचे चाप तिथं चांगले मिळतात, म्हणून तर त्यानं ही जागा निवडली होती. कातडी पुठ्ठ्याच्या मेनूतली नावं तो आईला वाचून दाखवत होता. एका ओळीत बायसन आला, तशी ती दचकली. "गवा? गवा खात्यात इथं?" आमच्याकडं बायसन म्हटलं की दाजीपूर. १९५८ साली राखलेलं राधानगरीचं जंगल, धुक्यात उभी असलेली ती काळीशार धुडं आणि त्यांचे पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. हा तो नव्हे, अमेरिकेचा बायसन वेगळा, इथं त्याचे कळप पाळतात, असं भावानं सांगितलं. तरी तिनं त्या पानावर तळवा ठेवला आणि पान उलटलं. भावाच्या ताटात नंतर काय आलं ते तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्या दोघांमधली ती शांतता मला आवडली की टोचली, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मग वेटरनं प्रत्येकाला विचारलं, कसं भाजू? ही तिथली रीतच आहे. आतून लाल, गुलाबी की पूर्ण शिजलेलं, ज्याचं त्यानं सांगायचं, आणि स्वयंपाकी चार-पाच अंशांच्या फरकानं ते साधतो. पन्नास-बावन्न अंशांला आत लाल राहतं, साठाला गुलाबी, सत्तरच्या पुढं गेलं की सगळं एकसारखं करडं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मऊ कर म्हणावं." भावानं त्याचं भाषांतर मीडियम असं केलं.

तिच्या हयातीत तिला असं कुणी विचारलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे एकाच पातेल्यात सगळ्यांचं शिजतं, आणि कुणाला काय द्यायचं हे वाढणारी ठरवते. पोरांना कलेजी, म्हाताऱ्यांना मऊ चरबीचा तुकडा, पाव्हण्याला नळी. वाढणारीला काय आवडतं, हा प्रश्न त्या पातेल्याच्या आसपास कधी फिरकत नाही.

आईची खानावळ होती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात, आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. बाकीचे दिवस पिठलं, भाकरी, आमटी. तालमीतली पोरं यायची, ती आधी तांब्याभर अळणी, म्हणजे मटण शिजल्यावर वर राहिलेलं पाणी, प्यायची आणि मग जेवायला बसायची. शाहूपुरीत गूळ घेऊन आलेले शेतकरी यायचे, कोर्टाच्या तारखेला आलेली गडहिंग्लज-चंदगडकडची माणसं यायची, घरापासून लांब शिकणारी पोरं महिन्याच्या बोलीवर यायची. ताटातलं मटण मोजून, रस्सा मात्र बिनमोजणीचा. तांबडा आणि पांढरा, दोन्ही. बाबा आणि दोन पोरं बादल्या घेऊन रांगेतून फिरायची, वगराळ्यानं वाटीत ओतत. आई बाहेर कधी यायची नाही. तिच्या आणि जेवणाऱ्यांच्या मध्ये एक पडदा होता, हळदीचे हात पुसून पुसून कडेला पिवळा झालेला. ती त्याच्यामागं चुलीपाशी असायची आणि तिचा एक कान सतत बाहेर असायचा.

बाहेरून आवाज यायचा. "मावशी, पांढरा फिरवा की!" "तांबडा आण रं इकडं!" आवाज कोणी केला हे तिला दिसायचं नाही, पण किती वेळा झाला हे ती मोजायची. रात्री भांडी आवरताना ती बाबांना गल्ल्याचं विचारायची नाही. ती विचारायची, "आज पांढरा किती बादल्या गेला?" आणि चार म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी मोठेपणी फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ज्या दिवशी बादली अर्धी परत यायची, त्या दिवशी ती पातेल्यात बोट बुडवून पुन्हा पुन्हा चव घ्यायची. मिठाला कमी झालं का, खसखस कच्ची राहिली का.

पांढरा रस्सा करताना मी तिला शेकडो वेळा पाहिलंय. मटण हळद-मिठात शिजलं की वरचं पाणी ती वेगळं काढायची. तीच अळणी. खसखस, तीळ, काजू बारीक वाटून त्यात सोडायची, तमालपत्र, दालचिनी, वेलदोडा, मिरी तुपावर फुलवून त्यात घालायची. आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. त्या वेळी ती कुणाशी बोलायची नाही. जाळ ओढून घ्यायची, लाकडं बाजूला करायची, पळी एकाच दिशेनं फिरवत राहायची. दूध पडल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो, चोथा आणि पाणी वेगळं होतं. मग पन्नास माणसांचं काम वाया. तीस वर्षांत तो तिच्या हातून दोनदाच फुटला, आणि दोन्ही तारखा तिच्या ध्यानात आहेत.

कोल्हापूरला मटणाचं किती आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. २०१९ च्या अखेरीला मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी पुण्या-मुंबईचे माझे सहकारी हसत होते, आणि मला राग येत होता. ज्या गावात पाहुणा आला, पोरगं पास झालं, नवीन ट्रॅक्टर दारात आला, गावची म्हाई-जत्रा आली की पहिल्यांदा पातेलं चढतं, तिथं दर वाढणं म्हणजे आनंदालाच कुलूप लागणं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पण खरं सांगायचं तर मी या सगळ्यापासून बरीच वर्षं तोंड लपवून होते. शाळेत मला खानावळवालीची पोरगी म्हणायचे. त्यात वाईट काही नव्हतं, पण माझ्या दप्तराला, रिबिनींना कांदा-लसणाच्या चटणीचा वास यायचा आणि तो जावा म्हणून मी पुस्तकांत पावडर टाकायची. कॉलेजात मैत्रिणींना घरी बोलवायचं टाळलं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मोठ्या हॉटेलात गेले तेव्हा शेजारचे लोक काय करतात ते चोरून बघत सगळं शिकले. सुरी कुठल्या हातात, रुमाल कुठं, आवाज किती. आणि सगळ्यात पहिल्यांदा हे शिकले, की मागायचं नाही. मोठ्या ठिकाणी जे येईल ते पुरतं असं दाखवायचं. ब्रेकनरिजच्या त्या टेबलावर आईचं मनगट धरणारा हात त्या शाळकरी पोरीचा होता. तिला मी विसरले होते, ती मला विसरली नव्हती.

चाप आले. पांढऱ्या मोठ्या ताटात चारच, बाहेरून तांबूस-काळपट, हाडं वर करून एकमेकांना टेकवलेले, बाजूला बटाट्याचा मऊ लगदा आणि तो चंबू. आईनं सुरी बाजूला ठेवली आणि हाड हातात धरलं. चाप हातानंच खायचा असतो, तिथले लोकही तसेच खात होते. पहिला घास तिनं बराच वेळ चावला. आत गुलाबी दिसत होतं, ते तिनं मेणबत्तीजवळ नेऊन बघितलं. काही बोलली नाही. दुसरा घास घेतला. मग चंबूतला रस तिनं चमच्यावर घेतला, जिभेवर धरला, आणि तिचे डोळे बारीक झाले. पडदा ओलांडून चुलीकडं गेल्यासारखी ती क्षणभर त्या टेबलावरून नाहीशी झाली. "हाडं भाजून घेतल्यात," ती म्हणाली. "मग कांदा घालून दिवसभर आटवलंय. अळणीच की ही. फक्त लई आटवलेली."

वेटरनं नंतर सांगितलं ते असंच होतं. हाडं भट्टीत भाजायची, भाज्या घालून कितीतरी तास मंद उकळायची, गाळायची, पुन्हा आटवायची. भावाच्या घरी डेन्व्हरला पहिल्याच दिवशी आई गोंधळली होती, पाणी लवकर उकळतंय पण डाळ शिजत नाही म्हणून. मी तिला सांगितलं होतं की उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळं डेन्व्हरला पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. ब्रेकनरिजला तर नव्वदच्या आसपास. हे तिच्या ध्यानात होतं. "इथं पाणी तापत न्हाई, आणि तरी एवढं उतरवलंय हाडातनं," ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं त्याला कौतुक म्हणणं थोडं पडेल. एका उस्तादानं दुसऱ्याच्या डावाला मान डोलवावी तसं ते होतं. स्टेकला जनावराच्या पाठीचं मांस घेतात, ज्याला आयुष्यात फारसं काम नसतं, म्हणून ते नुसत्या आगीवर मऊ होतं. रस्सा उतरतो तो मांडीतून, मानेतून, नळीतून, जिथं हाड आणि कष्ट असतात. हे ती वेगळ्या शब्दांत मला लहानपणापासून सांगत आलीय, पळणाऱ्या भागाला चव जास्त म्हणून. त्या हॉटेलात सगळा थाट पाठीच्या मांसाचा होता, आणि तिला तिचं जे सापडलं ते बोटभर चंबूत.

तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. हाडं पांढरी स्वच्छ करून ताटाच्या कडेला नीट लावून ठेवली. आणि चंबू उचलला.

पुढचं मी सांगितलंच आहे. तो पोरगा हसून निघून गेला, आईनं हात मांडीवर घेतला, आणि मग आईस्क्रीम येईपर्यंत ती त्या शिंगांच्या झुंबराकडं बघत होती. परतीच्या वाटेवर तिला झोप लागली. भाऊ गाडी चालवता चालवता एकदाच म्हणाला, "त्यानं आणून दिलं असतं गं." मी काही बोलले नाही.

हे सगळं आखाडातल्या शेवटच्या रविवारी निघालं. श्रावण तोंडावर आला की आमच्याकडं कुणाला निरोप धाडावा लागत नाही, घरातली सगळी आपोआप जमतात. आईचे गुडघे गेले, खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या रविवारी ती स्वतः ओट्यापाशी उभी राहते. मी खाली बसून लसूण सोलत होते. ती सुकं खोबरं भाजत होती, आणि त्या वासानं मला ते कपाट, ती मेणबत्ती सगळं पुन्हा समोर आलं. दहा महिने पोटात ठेवलेलं मी एकदाचं बोलून टाकलं. त्या हॉटेलात मी तुझा हात धरला, तुला मागू दिलं नाही, मला फार लागून राहिलंय, असं काहीतरी. ती खोबरं परतत होती. मला वाटलं तिला आठवतही नसेल.

"चाप चांगला भाजला होता त्यानं," ती म्हणाली. "हाडाला कच्चा न्हाई, वर करपलेला न्हाई." मग थोड्या वेळानं, "आत भाजणाऱ्याला कळलं न्हाई बघ."

"काय कळलं नाही?"

"आवडलं म्हणून."

मी लसणाची पाकळी हातात धरून बसले. दहा महिने मी दोन चमचे रश्श्यासाठी झुरत होते. आई उपाशी राहिली नव्हती, तिला हवंही काही नव्हतं. पडद्यामागं तीस वर्षं जिनं आवाज मोजले, तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी पडद्याकडं बघून आवाज दिला होता. आमच्यात छान झालंय असं तोंडानं म्हणायची पद्धत नाही. बाबांनी तिला उभ्या जन्मात म्हटलं नाही, आम्ही म्हटलं नाही, ते पैलवान आणि गूळवाले तर मुळीच नाही. वाटी पुढं करतात. तिनं तिची वाटी पुढं केली होती आणि मी ती खाली घेतली.

मी तिथल्या तिथं भावाला फोन लावला. तिकडं शनिवारची रात्र होती. फोन ओट्यावर ठेवून त्याला म्हटलं, पुन्हा त्या गावाला जाशील तेव्हा त्या हॉटेलात जा आणि आत जो कोण चाप भाजतो त्याला आईचा निरोप सांग. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मी गेलो होतो गं मार्चमध्ये, ऑफिसच्या लोकांबरोबर. तो वेटरही नव्हता. तिथं पोरं हंगामापुरती येतात, तो सरला की दुसरीकडं जातात, त्या गावातली भाडी त्यांना परवडत नाहीत. कुठल्या गावाला गेला असेल कुणास ठाऊक. निरोप कुणाला सांगू?

आईनं सगळं ऐकलं. पातेल्यात नारळाचं दूध सोडायला घेतलं होतं, डावा हात वाटीवर आणि उजव्या हातात पळी.

"मग असंल कुठंतरी भाजत," ती म्हणाली. "तू तो गॅस बारीक कर आधी, फुटंल."